आजीची वाकलेली पाठ आणि १९५६ साल

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात घरातून होणार आहे. फोनवर वाकून वाचत असाल तर आधी जरा मान सरळ करा. मीही करतो. चला.

गेल्या वर्षीची दिवाळी होऊन गेली होती. मी पुण्यात, घरचे सगळे मूर्तिजापूरला. रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबांनी दोन फोटो टाकले. पहिला आईच्या कमरेच्या एमआरआयचा रिपोर्ट. दुसरा एका मोठ्या शहरातल्या खाजगी हॉस्पिटलने दिलेला खर्चाचा अंदाज: तीन लाख साठ हजार. मणक्यात दोन ठिकाणी स्क्रू आणि रॉड टाकायचे होते. खाली बाबांचा एका ओळीचा मेसेज: ‘काय कराचं मंग?’

आमची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी. मी फोन केला तेव्हा बाबांचा हिशेब झाला होता. ‘एक एकर काढला तर भागते,’ ते म्हणाले. मागून आजीचा आवाज आला, ‘माह्या वक्ती बैलजोडी गेली. आता वावर जाते काय?’

त्या वाक्याने मी अडकलो. आजीच्या पाठीला कुबड आहे, हे मी लहानपणापासून बघतोय. ती चालते, भाकऱ्या थापते, शेजाऱ्यांशी भांडते, त्यामुळे त्या कुबडामागे काही इतिहास असेल असं कधी वाटलंच नाही. त्या रात्री पहिल्यांदा विचारलं, ‘आजी, तुझ्या पाठीला नेमकं झालं काय होतं?’

तिथून मी जे शोधायला लागलो, त्याचा हा भाग. प्रश्न साधा आहे. पाठीच्या कण्याच्या उपचारात महाग म्हणजे चांगलं का? आणि स्वस्त म्हणजे हलकं का? गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर गेल्या ७० वर्षांत प्रत्यक्ष रुग्णांवर, मोजून-मापून शोधलं गेलंय. आणि त्यातला एक मोठा वाटा आपल्या देशाचा आहे.

शकुंतलेने आलेली पेशंट

आजीचं माहेर दर्यापूर तालुक्यातलं. १९५६ साली ती १४ वर्षांची होती. आधी पाठ दुखायची, मग संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, मग वजन उतरलं. घरच्यांना वाटलं, पाण्याचे हंडे उचलून झालं असेल. काही महिन्यांनी पाय जड पडायला लागले, चालताना ती अडखळायला लागली. तेव्हा तिच्या वडलांनी तिला शकुंतलेत बसवलं.

शकुंतला म्हणजे आपली नॅरोगेज. आमच्या भागातल्या कुणालाही विचारा, डोळे चमकतात. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने आणलेली ही गाडी. मूर्तिजापूर हे तिचं जंक्शन. एक फाटा अचलपूरकडे, सुमारे ७६ किलोमीटर. दुसरा यवतमाळकडे, सुमारे ११३ किलोमीटर. ती टाकली वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनवर आणायला, म्हणजे तिथून तो मुंबईच्या बंदरात आणि पुढे मँचेस्टरला. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. कापसासाठी टाकलेल्या या रुळांवरून माणसंही आली, आणि त्यात आजारी माणसंही आली. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूरकडचा पेशंट शकुंतलेने मूर्तिजापूरला उतरायचा आणि मोठ्या लाइनची गाडी पकडून नागपूरला तरी जायचा नाहीतर मुंबईला.

आजी मुंबईला गेली. निदान झालं, मणक्याचा क्षय. म्हणजे पाठीच्या कण्याचा टीबी.

टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पण तो हाडांतही होतो, आणि हाडांमध्ये त्याची सगळ्यात आवडती जागा म्हणजे कणा. जंतू मणक्याचा पुढचा भाग पोखरतात. पुढून आधार गेला की मणका पाचरीसारखा दबतो आणि पाठ पुढे वाकते. तेच कुबड. पू किंवा हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर दाबला की पाय लुळे पडतात. हा आजार इतका जुना आहे की इजिप्तच्या ममींमध्ये त्याच्या खुणा सापडल्यात. १७७९ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने वाकलेला कणा आणि लुळे पाय यांचा संबंध नीट लिहून ठेवला, म्हणून आजही डॉक्टर याला पॉटचा आजार म्हणतात. पण तो टीबी आहे हे पॉटला कळायची सोय नव्हती. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉखने जगासमोर आणला तो १८८२ मध्ये.

मग उपचार काय होता? बराच काळ एकच: झोपून राहा. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, प्लास्टरच्या साच्यात. आजीला नऊ महिने झोपवलं होतं. ती सांगते, ‘छत पाठ झालं होतं मले. कुठं चीर हाय, कुठं जाळं हाय, सारं.’ सोबत स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि गोळ्या. औषधं तेव्हा नवीनच होती. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आलं. म्हणजे आजी दहा-बारा वर्षं आधी आजारी पडली असती, तर ही गोष्ट सांगायला मी नसतो.

आता बैलजोडीचं. मला वाटलं होतं ती औषधांसाठी विकली असेल. नाही. औषधं आणि खाट सरकारी दवाखान्यात मिळाली. बैलजोडी गेली ती तिच्या वडलांच्या नऊ महिन्यांच्या मुंबईतल्या राहण्या-खाण्यात, आणि तेवढ्या काळात शेत पडीक राहिलं त्यात. राहायला आसरा मिळाला तो एका धर्मशाळेत.

इथे एक नाव घ्यायलाच हवं. गाडगेबाबा. जन्म शेंडगावचा, अंजनगावकडचा, पण वाढले ते आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी, गुरं राखत. आपण त्यांना खराट्यासाठी ओळखतो. पण त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आणि दवाखान्यात येणाऱ्या गरीब माणसांची गरज ओळखली. आजही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. उपचार फुकट असला तरी उपचाराच्या गावी राहणं फुकट नसतं, हे त्या माणसाला शाळा न शिकता कळलं होतं. आरोग्याच्या खर्चाबद्दल बोलताना ही गोष्ट आपण नेहमी विसरतो.

एका वर्षात चार गोष्टी

१९५६ हे साल मी वहीत गोल करून ठेवलंय. त्या वर्षी चार गोष्टी घडल्या आणि चारही आजीच्या पाठीशी जोडलेल्या आहेत.

पहिली, १ नोव्हेंबर १९५६. राज्यांची पुनर्रचना झाली. वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलं. राजधानी नागपूर होती, ती मुंबई झाली.

दुसरी, २० डिसेंबर १९५६. गाडगेबाबा अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर, पेढी नदीजवळ गेले.

तिसरी, हाँगकाँगमध्ये. हॉजसन आणि स्टॉक या दोन सर्जननी १९५६ मध्ये मणक्याच्या टीबीसाठी एका धाडसी शस्त्रक्रियेचा अहवाल छापला. पाठीमागून न जाता पुढून, म्हणजे छाती किंवा पोट उघडून मणक्यापर्यंत पोहोचायचं, सडलेलं हाड पूर्ण काढायचं आणि त्या जागी चांगल्या हाडाचा तुकडा बसवायचा. निकाल छान होते. जगभरच्या सर्जनांना वाटलं, हाच खरा उपचार. पण त्यासाठी तरबेज सर्जन हवा, भूल देणारा तितकाच तरबेज हवा, रक्त हवं, नंतरची देखरेख हवी. हाँगकाँगला ते जमत होतं. भारतात मणक्याच्या टीबीचे पेशंट अगणित आणि अशी ऑपरेशन थिएटरं बोटांवर मोजण्याइतकी.

चौथी, मद्रासमध्ये. त्याच वर्षी तिथे टीबीच्या औषधोपचाराचं एक संशोधन केंद्र सुरू झालं. भारत सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, ब्रिटनची तशीच परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास सरकार यांचं मिळून. त्यांनी जो प्रश्न विचारला तो ऐकायला सोपा वाटतो: टीबीच्या पेशंटला खरंच सॅनिटोरियमची गरज आहे का?

त्या काळी हा प्रश्नच उद्धटपणाचा होता. टीबी म्हणजे सॅनिटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती, असं सगळं जग मानत होतं. मद्रासवाल्यांनी फुफ्फुसाच्या टीबीचे पेशंट घेतले, चिठ्ठी टाकावी तसं त्यांचं दोन गटांत वाटप केलं. एक गट सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी, शहरातल्या गर्दीच्या वस्त्यांमध्ये. औषधं दोघांना तीच.

१९५९ मध्ये निकाल छापला. घरच्यांचं खाणं कमी, जागा कमी, काम जास्त, आणि तरीही दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. घरातल्या इतरांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. टीबीचं जगभरातलं धोरण या अभ्यासाने बदललं.

पण यातला एक तपशील बहुतेक वेळा गळतो. घरी ठेवलेल्या पेशंटना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. कर्मचारी न सांगता घरी जायचे, गोळ्या मोजायचे, लघवी तपासून औषध घेतलंय का ते बघायचे. म्हणजे खाटेचा खर्च वाचवला, पण लक्ष ठेवण्याचा खर्च केला. स्वस्त उपचार चालला तो त्या लक्ष ठेवण्यामुळे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्लास्टर खरंच लागतं का?

फुफ्फुसाचं ठीक, पण कण्याचं काय? कण्यावर तर शरीराचा भार असतो. तो झोपवून ठेवायलाच हवा ना?

१९६० च्या दशकात ब्रिटनच्या त्याच परिषदेने वेगवेगळ्या देशांत याची तपासणी सुरू केली. कोरियातल्या मासान शहरात काही पेशंटना पहिले सहा महिने हॉस्पिटलच्या खाटेवर झोपवलं, तर काहींना पहिल्या दिवसापासून चालत-फिरत औषधं दिली. बुसान शहरात काहींना नऊ महिने प्लास्टरचं जाकीट, काहींना काहीच नाही. तीन वर्षांनी, पाच वर्षांनी बघितलं तर फरक नाही. औषधं नियमित घेतली की खाटेने आणि प्लास्टरने काही जास्तीचं मिळत नव्हतं.

मी हे आजीला सांगितलं. नऊ महिने छत पाठ केलेल्या बाईला सांगणं सोपं नव्हतं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मंग बाप्पाचे बैल फुकटच गेले म्हन की.’ तिच्या वडलांना ती बाप्पा म्हणायची. मला काही बोलता आलं नाही. तिच्या डॉक्टरांची चूक नव्हती. त्या दिवशी जगात कुणालाच हे माहीत नव्हतं. माहीत होण्यासाठी कुणीतरी मोजायला लागतं.

आता दुसरी बाजू. याच मालिकेत हाँगकाँगच्या मोठ्या ऑपरेशनचीही तपासणी झाली, आणि ते ऑपरेशन नुसतं महाग नव्हतं. मणके लवकर जुळून येत होते आणि पाठ कमी वाकत होती. नुसत्या औषधांवर आजार बरा व्हायचा, पण वाक काही जणांत वाढत जायचा, खासकरून वाढत्या वयाच्या मुलांत. माझ्या आजीचं तेच झालं. जीव वाचला, पाय वाचले, पाठ वाकली. स्वस्त उपचाराची किंमत असते, आणि कधीकधी ती ७० वर्षं पाठीवर दिसते. हे लपवून स्वस्ताची बाजू मांडण्यात अर्थ नाही.

मधला मार्ग

मग करायचं काय? सगळ्यांचं ऑपरेशन करणं परवडत नाही आणि बहुतेकांना त्याची गरजही नाही. कुणाचंच न करणं म्हणजे काहींना लुळं पडू देणं.

या पेचातून वाट काढली ती बनारसच्या एका भारतीय ऑर्थोपेडिक सर्जनने. डॉ. एस. एम. तुली, बनारस हिंदू विद्यापीठ. १९७५ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या नामांकित हाडांच्या जर्नलमध्ये आपले निकाल छापले आणि पद्धतीला नाव दिलं ‘मधला मार्ग’. गौतम बुद्धांनी पहिलं प्रवचन दिलं ते सारनाथ बनारसपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि बुद्धांचा मध्यम मार्ग आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्यामुळे हे नाव मला तरी फार आवडलं.

पद्धत अशी. औषधं सगळ्यांना. दर काही आठवड्यांनी तपासणी सगळ्यांची. ऑपरेशन मात्र ठरावीक कारणांसाठीच: औषध चालू असूनही काही आठवड्यांत पायांची ताकद परत येत नसेल, ती आणखी घटत असेल, मोठा गळू औषधाने बसत नसेल, निदानच पक्कं नसेल, किंवा कणा डळमळीत असेल. बऱ्याच लोकांचे लुळे पाय नुसत्या औषधांवर परत चालू झाले. ज्यांना नाही आले, त्यांच्यासाठी थिएटर मोकळं होतं, कारण ते गरज नसलेल्या ऑपरेशनांनी भरलेलं नव्हतं.

मला यातली खरी युक्ती ही वाटते. मधला मार्ग म्हणजे निम्मा खर्च आणि निम्मा दर्जा, असं नाही. ज्याला जे लागतं ते त्याला, आणि ते ठरवण्यासाठी डोळ्यांत तेल घालून लक्ष. लक्ष काढून घेतलं की मधला मार्ग उरत नाही, नुसती हेळसांड उरते. मद्रासचा तोच धडा इथे परत येतो.

आज मणक्याच्या टीबीची औषधं सरकारी टीबी कार्यक्रमात फुकट मिळतात, साधारण वर्षभर घ्यावी लागतात, आणि पोषणासाठी महिन्याला पैसेही बँकेत येतात. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. आजीला सांगितलं तर म्हणाली, ‘बरं हाय.’

पैसे कोण देणार?

मार्ग सापडला तरी भाडं द्यावं लागतंच. विदर्भात याचेही प्रयोग झाले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकात आसपासच्या गावांत एक विमा चालवला, त्याचा हप्ता ज्वारीत होता. कापणीच्या वेळी, जेव्हा घरात धान्य असतं तेव्हा, ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर दवाखान्यात सवलत घ्यायची. गावातली बहुतेक घरं आली तरच योजना लागू. मला ही कल्पना भन्नाट वाटते. हप्ता शेतकऱ्याच्या कॅलेंडरप्रमाणे, बँकेच्या नाही.

मग सरकारी योजना. १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार. त्या आठांत अमरावती होतं, अकोला नव्हतं. अकोल्यासह उरलेल्या महाराष्ट्राला ती २१ नोव्हेंबर २०१३ ला मिळाली. म्हणजे जवळपास १७ महिने असे गेले की आजीच्या माहेरी दर्यापूरला योजना होती आणि तिच्या सासरी मूर्तिजापूरला नव्हती. मधे अंतर एका छोट्या एसटी प्रवासाचं. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. २०२३ मध्ये मर्यादा पाच लाख करण्याचा आणि सगळ्याच रेशनकार्डधारकांना सामावून घेण्याचा निर्णय झाला.

आता आईकडे

एवढं वाचून झाल्यावर मी सुट्टी टाकून घरी गेलो. बाबांना म्हटलं, वावर विकायच्या आधी अजून एका डॉक्टरला दाखवू.

तोपर्यंत मी पाठदुखीबद्दलही वाचलं होतं. २०१५ मध्ये डॉक्टरांच्या एका गटाने ३,००० हून जास्त अशा लोकांची स्कॅन एकत्र अभ्यासली ज्यांना पाठदुखी अजिबात नव्हती. विशीतल्यांमध्ये ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरातल्यांमध्ये ८४ टक्के. कसलंही दुखणं नसताना! म्हणजे तुम्ही ऐकणारे विशीतले दहा जण असाल, तर त्यातल्या तिघांच्या एमआरआयवर काहीतरी लिहून येईल. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य आपल्याकडे इतकं सहज बोललं जातं, पण फोटोतला दोष आणि दुखण्याचं कारण एकच असतील असं नाही.

अकोल्याच्या सरकारी रुग्णालयात एका सर्जननी आधी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आईला व्हरांड्यात चालवलं. शंभरेक पावलांवर ती थांबली. बाकावर बसल्यावर दोन मिनिटांत बरी. त्यांनी विचारलं, ‘काकू, कापूस वेचताना दुखते का?’ आई म्हणाली, ‘नाही जी, वाकून वेचताना बरं वाटते. उभी राहिली का पाय भरून येतात.’

ते हसले. म्हणाले, हे वाक्य स्कॅनपेक्षा जास्त सांगतं. कण्याच्या ज्या नळीतून नसा जातात ती वयाने आवळली जाते. वाकलं की ती थोडी मोकळी होते, ताठ उभं राहिलं की आवळते. मग त्यांनी आईला पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढायला लावले. मणके जागेवरून सरकत नव्हते.

आधी दोन महिने व्यायाम आणि गोळ्या झाल्या, दर पंधरा दिवसांनी तपासणी. फरक पडला नाही, उलट चालणं कमी झालं. तेव्हा ते म्हणाले, ऑपरेशन करू. पण नळी मोकळी करायचं, स्क्रूचं नाही.

मी घाबरून विचारलं, स्क्रू नसले तर काम हलकं होणार नाही ना? त्यांनी स्वीडनचा एक अभ्यास सांगितला, २०१६ चा. अशाच २४७ पेशंटपैकी अर्ध्यांची नुसती नळी मोकळी केली, अर्ध्यांना वर मणकेही जोडून दिले. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच चालत होते. जोडलेल्या गटात मात्र ऑपरेशन लांबलं, रक्त जास्त गेलं, खर्च जास्त झाला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका अभ्यासात मणका सरकलेल्या पेशंटना जोडण्याचा थोडा फायदा दिसला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणजे स्क्रू वाईट नाहीत. पहिल्या हॉस्पिटलने लुबाडलं असंही मी म्हणत नाही. पण आईला त्यांची गरज आहे का, हे तिथे तिला चालवून कुणी बघितलं नव्हतं.

ऑपरेशन योजनेत झालं. खिशातून गेले ते जाण्या-येण्याचे, आधीच्या एमआरआयचे आणि बाबांच्या डब्याचे, सगळे मिळून सत्तावीस हजार. आई आता स्टेशनपर्यंत चालत जाते. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे, तो कदाचित तसाच राहील. वावर आहे तिथे आहे.

तुमच्यासाठी चार गोष्टी

हा भाग म्हणजे डॉक्टरी सल्ला नाही, इतिहास आहे. तरी घरात कुणाच्या पाठीचं ऑपरेशन निघालं तर हे प्रश्न विचारायला लाजू नका. हे ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? यापेक्षा लहान काही चालेल का, आणि नाही तर का? थांबलो तर किती दिवसांनी, काय बघून पुढचं ठरवायचं? हे योजनेत कुठे होतं?

आणि एक गोष्ट अजिबात थांबायची नाही. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधे बधिरपणा, पायाची ताकद झपाट्याने जाणं, हे दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. पाठदुखीसोबत बारीक ताप, रात्री घाम, उतरणारं वजन असेल तर टीबीची तपासणी करा. हंडे उचलून झालं असेल, असं म्हणत आजीच्या घरच्यांनी काही महिने घालवले होते. तिच्या पाठीचा वाक त्या महिन्यांचाही आहे.

रेकॉर्डिंग संपल्यावर हा भाग मी आजीला ऐकवला. तिने पूर्ण ऐकला, मग विचारलं, ‘बैलाईचं नाव नाही सांगतलं तू?’ तर ऐका. सर्जा आणि ढवळ्या. तिच्या सांगण्यावरून, मुद्दाम.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत पाठ जपा.